टाकीचं दार

बाबांनी पहिली टाकी स्वतःच्या हातांनी बांधली, आणि सिमेंट पुरतं वाळल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण तिला दारच ठेवलेलं नाही. द्राक्षं ओतायला वर तोंड होतं, वाइन काढायला खाली तोटी होती. पण वाइन निघून गेल्यावर तळाशी साली-बियांचा जो ढीगभर चोथा उरतो तो बाहेर कसा काढायचा, हा विचार सिमेंटमध्येच गाडला गेला होता. मग छिन्नी-हातोडा घेऊन ते तळाशी भोक पाडायला बसले. भिंत दणकट निघाली. बाबा तितके दणकट नव्हते. खांदा भरून आला तेव्हा त्यांनी भोकाकडे पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांकडे पाहिलं, आणि हातोडा खाली ठेवला.

"पुरे एवढं," ते म्हणाले. "धाकटा जातोय."

धाकटा गेला. पोटावर सरपटत, आखूड दांड्याचं फावडं पुढे ढकलत. आत गुडघाभर गरम चोथा आणि डोकं गरगरवणारा गॅस. म्हणून आधी पेटती मेणबत्ती आत सरकवायची आणि ती विझली तर थांबायचं, असा नियम होता. नियम चांगला होता. फक्त हंगामात घाई असायची.

चोथा वाया गेला नाही, मजुरी वाया गेली नाही, आणि घरातला एक मुलगा कायमचा कामाला लागला. बाबांना स्वतःच्या चुकीचा इतका अभिमान वाटला की पुढच्या टाक्याही त्यांनी त्याच मापाच्या दाराने बांधल्या. माप विसरू नये म्हणून आईने पिंपाचं एक जुनं लोखंडी कडं स्वयंपाकघरात टांगलं. हंगामाच्या आदल्या दिवशी धाकट्याने त्यातून पार व्हायचं. पार झाला की सगळे टाळ्या वाजवायचे आणि जेवायला बसायचे. थोरल्याच्या ताटात मांसाचा दुसरा तुकडा पडायचा. धाकट्याच्या पाठीवर आईचा हात पडायचा. मायेने पोट सुटत नाही.

त्याला सगळे 'काडी' म्हणत.

काडीला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे वरच्या खोलीतल्या टेबलापाशी एक खुर्ची. कारखान्यातलं सगळं त्या टेबलावर ठरायचं. कोणती वाइन पिंपात घालायची, कोणती विकायची, नवी बाग घ्यायची की नाही. टेबलावर बोललेला तो शब्द, बाहेर बोललेला तो वारा, असा बाबांचा कायदा होता. दुसरा कायदा असा, की ज्याच्या अंगाला चोथ्याचा वास येतो त्याने टेबलापाशी बसायचं नाही. बाकीच्यांची नाकं बिघडतात. काडीच्या अंगाला वर्षाचे बारा महिने वास यायचा. लाल वाइनच्या टाक्या झाल्या की पांढऱ्या वाइनच्या टाक्यांच्या भिंतींवर साठलेले क्षाराचे खडे खरवडायचे, ते झालं की पिंपं धुवायची, तोवर द्राक्षं पुन्हा तयार.

"दादा, मी अंघोळ करून आलो तर?" तो एकदा म्हणाला.

"ये की," थोरला म्हणाला. "कोण नको म्हणतंय? पण आज नको, आज बाबांना सर्दी आहे."

बाबांची सर्दी बरीच वर्षं टिकली आणि शेवटी त्यांना घेऊन गेली. कारखाना थोरल्याकडे आला. तो तसा आधीपासूनच त्याच्याकडे होता.

थोरला हुशार. त्याने सिमेंटच्या टाक्या काढून स्टीलच्या आणल्या. बाबांची पहिली टाकी तेवढी आठवण म्हणून ठेवली. स्टीलच्या टाक्या दुप्पट उंच, आरशासारख्या चकचकीत, आणि दार तेच. "घराण्याचं माप आहे," थोरला म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला. आई गेल्यावर पळी वहिनीच्या हातात आली. वहिनी प्रेमळ. सूप वाढताना काडीच्या वाडग्यापाशी तिची पळी थरथरायची आणि अर्धी परत भांड्यात सांडायची.

"वाढू का अजून, भाऊजी?"

"वाढा."

"बघा हं! मागाहून दारात अडकलात तर मला बोल नको."

सगळे हसायचे. काडीही हसायचा. रिकाम्या पोटी हसलं की हसू चांगलं घुमतं.

मध्यंतरी पिंपं बनवणाऱ्याने आपल्या मुलीसाठी काडीबद्दल विचारलं. मुलगीही तयार होती. तिने म्हणे त्याला पिंप धुताना गाताना ऐकलं होतं. हा विषय टेबलावर निघाला. टेबलाने विचार केला की लग्न झालं की पुरुषाचं पोट सुटतं, समोर थोरल्याचंच उदाहरण बसलं होतं. पिंपवाल्याला सांगितलं, मुलाच्या मनात नाही. मुलाला सांगितलं, मुलीच्या मनात नाही. मुलगी बाटल्यांना बुचं लावणाऱ्याला दिली आणि सुखी झाली. त्याबद्दल टेबल स्वतःकडे थोडंसं श्रेय घेत असे.

एका हंगामात मेणबत्ती लावायची राहून गेली. थोरल्याने हाका मारल्या, आतून उत्तर नाही. तेव्हा दारातून हात घालून त्याने भावाला घोट्यांना धरून बाहेर ओढलं. काडी निळा पडला होता. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारलं, "एखादा बाहेरचा माणूस नाही का ठेवता येणार?"

"वेडा आहेस का?" थोरला कळवळून म्हणाला. "बाहेरच्याला काही झालं तर पोलीस, विमा, चौकशी. तुला काही झालं तर घरातल्या घरात राहतं."

पुढे पाहुण्यांचे दिवस आले. लोक गाड्या भरभरून वायनरी बघायला येऊ लागले. काचेचा दिवाणखाना झाला, ताटल्यांत चीज आणि मांसाच्या चकत्या मांडल्या जाऊ लागल्या. स्वयंपाकघरातलं कडं तिथल्या भिंतीवर आलं, खाली दिवा लागला. हंगामाच्या आदल्या दिवशी पन्नाशी उलटलेला काडी पाहुण्यांसमोर कड्यातून पार व्हायचा, लोक फोटो काढायचे, आणि थोरला निळा पडल्याची गोष्ट सांगायचा. 'घोट्यांना धरून' इथे बायका हमखास डोळे पुसत.

अशाच एका संध्याकाळी काडी रिकाम्या दिवाणखान्यात फरशी पुसत होता. ताटल्या अर्ध्याअधिक भरलेल्या तशाच पडल्या होत्या. त्याने चीजचा एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. आणि चावता चावता त्याला असा एक विचार सुचला की तो तिथल्याच एका खुर्चीवर बसला आणि बसूनच राहिला. आपण दारातून गेलोच नाही, तर वास येणार नाही. वास आला नाही, तर टेबल.

त्या वर्षी काडी देवाने दिलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या मागे उभा राहिला. उरलेलं चीज, उरलेलं मांस, लोणी, केकचे कोपरे. ढगळ झब्ब्याखाली पोट वाढत गेलं आणि त्याने ते एखाद्या गर्भारणीसारखं जपलं. वहिनीची पळी थरथरत राहिली, आणि तो मान खाली घालून अर्धा वाडगा सूप पीत राहिला.

हंगामाच्या आदल्या दिवशी दिवाणखाना खचाखच भरला. काडीने डोकं घातलं, खांदे घातले, आणि पोटापाशी कडं थांबलं. दोघांनी ढकललं. कडं हललं नाही. पाहुणे हसायचे थांबले. कुणीतरी फोन खाली घेतला.

काडी डोळे मिटून शिव्यांची वाट पाहत राहिला. थोरल्याने पुढे येऊन कडं काढलं आणि त्याला घट्ट मिठी मारली.

"वाळक्या काडीला पालवी फुटली की रे!" तो ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी नुसती पोटाकडे बघत राहिली, आपली पळी नेमकी कुठे गळली याचा हिशेब लागत नसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी चोथा उपसायला शेजारच्या कारखान्यातला एक किडकिडीत कामगार उसना आणला आणि काडीसाठी वर खुर्ची मागवली.

काडी वर आला तो नवा शर्ट घालून. समोर पेला ठेवला होता. उभ्या जन्मात त्याने स्वतःच्या घरची वाइन पेल्यातून घेतली नव्हती.

"कशी आहे?" थोरल्याने विचारलं.

"थंड आहे," काडी म्हणाला. त्याला ती गरमच माहीत होती.

सगळे मोकळेपणी हसले, आणि त्या हसण्यात आपण आत आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

"आजचा विषय, नव्या टाक्या," थोरला म्हणाला. "जुन्या बदलायच्या. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

काडीचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. इतका सरळ, की शर्टाची शिवण बगलेत उसवली. ठराव एकमताने पास झाला. थोरल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली, "बघ, तुझ्या शब्दाला इथे वजन आहे."

आठवड्याभराने टाकीवाला आला. त्याने टाक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून शिंप्याची फीत काढली आणि तो काडीपाशी आला.

"हे काय?" काडीने विचारलं.

"दाराचं माप. साहेबांनी सांगितलंय, उसना माणूस परवडत नाही, तुमच्या अंगाबेताने दारं करा." त्याने फीत पोटाभोवती फिरवली. "श्वास सोडा. चोरू नका, नंतर तुम्हालाच अडचण."

काडीने श्वास सोडला. मग त्याने विचारलं, "एवढी मोठी दारं आता निघाली वाटतं?"

"छे हो! पहिल्यापासून होती. माणूस उभ्याने आत जाईल एवढी. किंमतही तीच." टाकीवाला फितीवरचा आकडा पुटपुटत म्हणाला, "मागच्या वेळी मी साहेबांना म्हणालो होतो. ते म्हणाले, दार मोठं केलं तर कोणीही आत जाईल. मग घरच्या माणसाला काम काय राहील?"

काडीने वर पाहिलं. माडीच्या खिडकीत थोरला पेला घेऊन उभा होता. त्याने प्रेमाने हात हलवला आणि टाकीवाल्याला हाक मारली.

"जरा सैलच ठेव रे! वाढतं अंग आहे त्याचं."

टाकीवाल्याने मान डोलावली आणि काडीला हात डोक्यावर घ्यायला सांगितलं. खांद्यांचं माप राहिलं होतं.