एक चतुर्थांश भाऊ

परिषदेतलं जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं भाषण थोरल्याचं होतं. थुंकीच्या नमुन्यांवरून कोण कोणाचा किती रक्ताचा, हे गणिताने काढायची नवी रीत तो सांगत होता. धाकटा तिसऱ्या रांगेत बसला होता. तोही याच विद्येतला, पण तो भाषणासाठी आला नव्हता. एका आकड्यासाठी आला होता.

लहानपणी बाप पट्ट्याने फोडून काढायचा तेव्हा त्याच्या तोंडी एकच वाक्य असायचं, "हे पोर माझं नाहीच." एकदा त्याने धाकट्याचा हात चौकटीवर दाबून दार ओढून घेतलं. दोन बोटं जन्माची वाकडी राहिली. आई मधे पडली की तिलाही तोच पट्टा. थोरल्याला कधी बोटही लागलं नाही. बाप गेला, पाठोपाठ आई गेली, ते वाक्य मात्र धाकट्याच्या मानगुटीवरून उतरलं नाही.

वर्षापूर्वी थोरला काचेची नळी घेऊन घरी आला. "थुंक यात. एकदाचा सोक्षमोक्ष लावू." त्यानंतर चकार शब्द नाही. गेल्या आठवड्यात फोन आला, "परिषदेला ये. चार शहाण्यांसमोर सांगतो."

पडद्यावर तक्ता आला. त्यात नावं नव्हती, नुसते नळ्यांचे क्रमांक. थोरल्याने नळी देतानाच सांगितलं होतं, त्याची दहा, धाकट्याची अकरा. दहाची ओळ अकराच्या रकान्याला भेटत होती तिथे लिहिलं होतं, ०.२५.

धाकट्याच्या प्रयोगशाळेत सख्ख्या भावांचा आकडा अर्धा असतो. पाव म्हणजे आई एक, बाप वेगळा.

"आता या जोडीकडे बघा," थोरला हसत म्हणाला. "ही माझी फार आवडती."

ते हसू धाकट्याच्या डोक्यात गेलं. मंचावर चढून त्याने माइकचा लोखंडी दांडा उचलला आणि थोरल्याच्या जबड्यावर घातला. थोरला आडवा झाला. धाकटा त्याच्या छातीवर बसला.

"चार लोकांत आईची अब्रू काढतोस, दादा? वर हसतोस?"

दुसरा घाव भुवईवर बसला, तिसरा आडव्या धरलेल्या हातावर. मनगट वाळक्या फांदीसारखं मोडलं. चौथा कुठे बसला ते धाकट्याने पाहिलंच नाही. तिघांनी त्याला मागे ओढलं तरी दांडा मुठीतून सुटेना.

अध्यक्षबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड पडद्याकडे वळवलं. "तिरपी ओळ वाच, शहाण्या."

तिरप्या ओळीत प्रत्येक नळीचा स्वतःशीच आकडा होता. दहाचा दहाशी, ०.५०. अकराचा अकराशी, ०.५०.

"माणूस स्वतःशी निम्मा असतो का रे? हे माप वेगळं आहे. तुमच्याकडे जो अर्धा, तो इथे पाव. एकाच आईबापाचे आहात दोघं."

दांडा आता कुठे खाली पडला.

"दादा," धाकटा म्हणाला.

थोरल्याने रक्त थुंकलं. त्यात दोन दात होते. एक डोळा मिटला होता, दुसऱ्याने तो भावाची वाकडी बोटं बघत राहिला.

"माझं पुढचं वाक्य तेच होतं," तो म्हणाला. मग दम घेऊन म्हणाला, "आकडा कशाला काढत बसलो मी. हात बाबांचाच आहे तुझा."

त्याच्या कॉलरला अडकवलेला छोटा माइक अजून चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं.