चारचौघांत चुकणं

दशरथ राऊत कुठलीही नवी गोष्ट दार लावून शिकत. तलासरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ते शिक्षक होते, राहायला डहाणूत. रोज एसटीने जा-ये. बसमध्ये शेजारचे प्रवासी गुजराती पेपर वाचत. त्यावर डोळे ठेवून त्यांनी ती अक्षरं ओळखायला सुरुवात केली आणि पेपर सरळ वाचता येईपर्यंत घरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. स्कूटर शिकले ती डहाणूजवळच्या आगर गावच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या घट्ट वाळूत, नीट उजाडायच्या आत. कोपर सोलून घरी आले तेव्हा बायकोला, मनोरमाबाईंना, जिन्यावरून घसरलो म्हणाले. शाळेत संगणक आले तेव्हा त्यांनी घरी एक जुना विकत आणला आणि खोलीत कोंडून घेतलं. मुलांची वारली बोली तर ते वर्षभर नुसती ऐकत राहिले. मग एक दिवस वर्गात तिच्यात लांबलचक वाक्य बोलले, कुठे न अडखळता. मुलं बघतच राहिली.

चिकाटी त्यांच्यात भरपूर होती. कंटाळा त्यांना माहीत नव्हता. फक्त येत नसलेली गोष्ट करताना कुणी आपल्याला पाहावं, हे त्यांना सोसत नसे.

मनोरमाबाईंचं सगळं उलट. भजनी मंडळात त्या पहिल्या दिवसापासून चुकीच्या ठिकाणी टाळ वाजवत आल्या होत्या आणि स्वतःच हसत होत्या. निवृत्तीनंतर दशरथनी पेटी घेतली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, एकदा तरी ऐकवा."

"अजून बसलं नाही," ते म्हणाले. पेटी खोलीतच राहिली.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातून ब्रश पडला आणि ते खाली कोसळले. वापीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पक्षाघात सांगितला. हातपाय महिन्याभरात कामाला लागले. बोलणं मात्र बिघडलं. सगळं समजत होतं, काय म्हणायचं तेही ठाऊक होतं, पण तोंडातून भलताच शब्द पडे. चहा हवा असला की छत्री म्हणत. मनोरमाबाईंना हाक मारायला जात आणि दिवंगत बहिणीचं नाव येई. शब्द बाहेर पडताक्षणी चूक त्यांच्या लक्षात येत असे. आयुष्यभर ज्या चुका त्यांनी कुणाला दिसू दिल्या नव्हत्या, त्या आता दिवसाला शंभर होत होत्या आणि समोरच्याच्या देखत होत होत्या.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला सोनल नावाची मुलगी होती, वापीचीच. तिचं मराठी गुजरातीच्या वळणाचं. "काका, एकला बसून नाय होणार," ती म्हणाली. "चार माणसांत बोलायला पायजे. चुकलं तर चुकलं."

दशरथनी मान हलवली आणि घरी येऊन खोलीचं दार लावून घेतलं. आरशासमोर बसून ते तासन् तास शब्द घोटत. चहा. चमचा. चप्पल. आरशात सगळे शब्द बरोबर येत. बाहेर येऊन मनोरमाबाईंसमोर उभे राहिले की पुन्हा छत्री. आजवर कधी न फसलेली रीत या वेळी फसत होती. ते जास्त वेळ बसू लागले. घरी कुणी आलं की झोपल्याचं सोंग घेत. बाजार सुटला, फिरणं सुटलं.

दिवाळीनंतर शुक्री भेटायला आली. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता तलासरीजवळच्या आपल्याच पाड्यावर अंगणवाडी सेविका. झोपेचं सोंग तिने बराच वेळ चालू दिलं, मनोरमाबाईंबरोबर चहा घेतला, आणि निघताना पलंगाजवळ येऊन म्हणाली, "सर, दर गुरुवारी दुपारी मी पाड्यावरच्या बायांना वाचायला शिकवते. तुम्ही या. नुसते बसा, बोलू नका."

'बोलू नका' म्हणाली म्हणून ते गेले असावेत. मनोरमाबाई सोबत होत्या.

अंगणवाडीच्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. सोनीबाई नावाची एक थोराड बाई पुस्तक गुडघ्यावर धरून वाचत होती. चित्रात नदी होती आणि खाली 'नदी' असं लिहिलं होतं. सोनीबाईने चित्राकडे पाहून ठणठणीत आवाजात वाचलं, "पाणी."

बायका हसल्या. सोनीबाई सगळ्यांत मोठ्याने हसली.

दशरथना राहवलं नाही. सवयीनं बोट उंचावून ते म्हणाले, "नाही. ना... नारळ."

पुन्हा हशा पिकला, मघाचाच, तेवढाच. दशरथ उठले आणि बाहेर जाऊन चिंचेखाली उभे राहिले. थोड्या वेळाने शुक्री मागे आली.

"सर, त्या तुम्हाला नाही हसल्या. नारळाला हसल्या."

ते चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले.

"एक सांगू? शाळेत आम्ही तुम्हाला घाबरायचो. तुम्ही मारायचा नाही, ओरडायचाही नाही. पण तुम्ही कधी चुकायचाच नाही. मला पुष्कळदा उत्तर यायचं, तरी हात वर केला नाही. वाटायचं, चुकलं तर वर्गात आपण एकटीच."

तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. एवढं सांगून ती आत निघून गेली, कारण बायका खोळंबल्या होत्या. परतीच्या बसमध्ये दशरथ खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढचे दोन गुरुवार ते गेले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी जेवण होताच कपडे करून बाहेर आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायला गेले असते तरी सांगता आलं नसतं.

सोनीबाईने त्यांना दारातच पाहिलं. पाड्यावर लहानथोर सगळ्यांनाच एकेरी हाक असते. "ये मास्तर," ती म्हणाली, "आज पयला तू वाच." आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

पानावर एकच ओळ होती. आमच्या गावात विहीर आहे. दशरथनी ती मनात वाचली. मनात ती बरोबर होती. मग त्यांनी वाचलं, "आमच्या गावात... विमान आहे."

"बाय गं," सोनीबाई म्हणाली, "इमान? आन उतरतं कुठं?"

बायका हसल्या. दशरथनी पुन्हा प्रयत्न केला, "आमच्या गावात... विळी आहे." आता त्यांनाच हसू फुटलं. डोळ्यांना पाणी येईपर्यंत ते हसले, आणि ते हसणं थांबायच्या आत 'विहीर' तोंडातून निघून गेलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुस्तक पुढच्या बाईकडे गेलं.

मग ते दर गुरुवारी जाऊ लागले. सोनलला फरक दिसला. काही गोष्टी मात्र परत आल्या नाहीत. आकडे आले नाहीत. माणसांची नावं कधी येत, कधी नाही. जुन्या सहकाऱ्यांसमोर त्यांची जीभ अजून टाळ्याला चिकटे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी बरं नाही असं कळवलं. सवय पुरती मोडली, असं मनोरमाबाईसुद्धा म्हणणार नाहीत.

फेब्रुवारीत शुक्रीला तापाने धरलं. तिने फोन केला, "सर, आज वर्ग घ्याल का?" मनोरमाबाई फोन त्यांच्या कानाशी धरून पाहत राहिल्या. दशरथ म्हणाले, "हो."

त्या दुपारी ते एकटेच फळ्यापुढे उभे राहिले. 'बैल' लिहिला आणि 'बाज' म्हणाले. दोन-तीन बायकांनी एकदम ओरडून सांगितलं, "बैल, मास्तर!" त्यांनी मान हलवली, पुन्हा म्हटलं, आणि पुढचा शब्द लिहिला. थोड्या वेळाने बायका त्यांच्या तोंडून शब्द निघायची वाटच पाहीनात. ते लिहीत आणि त्या आधी वाचून टाकत, बरोबर की चूक याची तमा न बाळगता. मागे बसणारी नवशी नावाची बाई, जिचा आवाज कुणी वर्गात ऐकला नव्हता, तिने 'चूल' वाचलं. ते 'चाळ' होतं. दशरथनी फळ्यावरच्या कान्यावर, मग 'ळ'वर बोट ठेवलं आणि थांबले. तिने तीनदा पाहिलं, ओठ हलवले, मग म्हणाली, "चाळ."

"चाळ," दशरथ म्हणाले. तो शब्द त्यांना पहिल्या फटक्यात आला.

वर्ग लांबला. बायकांना सरपण आणायचं होतं, तरी दोघी-चौघी रेंगाळल्या. बसथांब्यावर येऊन उभे राहिले तेव्हा दशरथांचा घसा पार बसला होता आणि सदऱ्यावर खडूची भुकटी होती.