ठेकेदाराची वायर

राळेचा धूर, खिडकीतून तिरपं आलेलं आश्विनातलं ऊन आणि त्या दोहोंच्या मध्ये स्थिर धरलेला तिचा हात. वत्सला, माझी बायको; तिच्याबरोबर केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे हेच. वायरीच्या टोकाची पिन ती दोन बोटांत धरायची, मी सोल्डर मारायचो. कल्याणला खाडीच्या अंगाला आमची खोली. जमिनीवर काळ्या वायरींची वेटोळी, आणि त्यांच्या मधोमध ती, ओहोटीच्या पाण्यासारखी, आवाज न करता थोडी थोडी मागे सरत चाललेली. हृदयाचं दुखणं होतं. त्या दुपारी हात स्थिर दिसला तरी बोटांची टोकं कापत होती. मला दिसलं. तरी पुढची पिन तिच्या हाती दिली. काम उरकायचं होतं.

नव्वदीचं दशक सरत आलेलं. माजिवड्याच्या एका स्टुडिओत राउटर बसणार होता, म्हणजे या यंत्रातला आवाज त्या यंत्रात पोचवणारी डिजिटल पेटी. मी चौथी शिकलेला वायरमन. ती सातवी, म्हणून वायरींवरच्या चिठ्ठ्या तिच्या अक्षरात. अक्षर कसलं, ओल्या वाळूत पक्ष्याची पावलं उमटावीत तसं, हलकं आणि स्पष्ट.

एक वायर उचलून तिने विचारलं, "अहो, हिच्यातून कुठलं गाणं जातं?"

"गाणं नाय जात. नुसता ठेका जातो. प्रत्येक यंत्राची चाल वेगळी, सगळ्यांनी एका लयीत चालावं म्हणून."

ती ठाण्याच्या कोळीवाड्यातली. हळदीला ढोलकी तिचीच असायची. हसली. "म्हंजे ह्यो ठेकेदार!" आणि तेच चिठ्ठीवर लिहून मोकळी झाली.

"अगं, तिथे साहेब लोक वाचतील."

"वाचू देत की. शिकलेले हायेत ना?"

तिचं हसणं आधी डोळ्यांत यायचं, मग बांगड्यांत, ओठांवर सगळ्यात शेवटी. भरतीचं पाणी आधी दूरच्या वळणावर चमकावं आणि मग पायाशी यावं तसं.

दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना ती गेली.

तेरावं झाल्यावर कामावर गेलो, तर वायरी तिथल्या पोरांनी जोडून टाकलेल्या आणि स्टुडिओचा साहेब वैतागलेला. "काका, तुमच्या जॉइंटमध्ये लोचा आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला टिक-टिक येतेय. सगळे कापा, नवे मारा."

सगळे म्हणजे तिने धरलेले सगळे. मला ती कापणारी बोटं आठवली. दुखणाईत बाईला बसवून काम करून घेतलं आणि आता जाताना तिच्या माथी खोटही मारली, असं मनात आलं. कटर घेऊन पेटीमागे वाकलो. कापायच्या आधी एकेक चिठ्ठी बघत गेलो. एक वायर बाजूला, टेपने गुंडाळून लोंबत होती.

"ही का सोडली?"

"ती ठेकेदाराची ना? तसं लिहिलंय की. म्हटलं, त्याची त्याने न्यावी."

मी खालीच बसलो. "अहो, ठेका देणारा तो ठेकेदार! क्लॉकची वायर आहे ती! तिच्यावाचून यंत्रांची लय चुकते, तीच टिक-टिक!"

टेप सोडवली, पेटीच्या खाचेत टोक ढकललं, पाव वळसा दिला. खट्. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. साहेबाने हेडफोन लावून बराच वेळ ऐकलं.

"काका, टिक-टिक गेली. एकदम साफ. कुणी लिहिलेली चिठ्ठी?"

"घरच्यांनी," म्हटलं. कटर पिशवीत टाकला. एकही जॉइंट कापला नाही. छातीवरचा धोंडा कुणी उचलून न्यावा तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपलो. उठलो तर भूक लागलेली, ती गेल्यापासून पहिल्यांदा. शेजारच्या वहिनींकडून भाकरी मागून आणली, उंबऱ्यात बसून खाल्ली, खाता खाता मोकळा रडलो. गेलेलं माणूस काळ परत देत नाही. पण कधीकधी मनातला संशय पुसून देतो, आणि मग आठवणीजवळ जाऊन बसायला भीती वाटत नाही.