म्हशीची इंग्रजी

ही सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. दुष्काळ अजून पडायचा होता, गोठ्यात वैरण होती.

आमच्या चांगुणेचं, म्हणजे थोरल्या सुनेचं, मॅट्रिकला इंग्रजी तेवढं राहिलं होतं. माझी धाकटी जाऊ छबूबाई भर विहिरीवर म्हणाली, "आक्कांनी नापास सून आणली." मला ते झोंबलं. म्हटलं, "मास्तरीण करून दावते तिला, बघत ऱ्हा." तोंडातून शब्द गेला तो गेला. तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

शाळेचे नारायण मास्तर तिला शिकवायला यायचे. एक दिवस म्हणाले, "इंग्रजीत एक शब्द काम सांगतो आणि दुसरा ते काम कसं केलं ते सांगतो. नुसत्या घोकंपट्टीनं ते लक्षात राहायचे नाहीत. हातात जे काम असेल ते तोंडानं म्हणत करायचं." सांगून, चहा पिऊन मास्तर निघून गेले. भोगायचं आम्ही.

चांगुणा झाडायला लागली की "स्वीप, क्विकली." पाणी ओतलं की "पोअर, स्लोली." भाकरी थापताना "बेक, केअरफुली" म्हणत राहिली आणि तव्यावरची करपवली.

मी म्हटलं, "आता ही करपली ती कशी म्हनायची?"

"बॅडली, आत्याबाई."

वर उत्तर तयार! मी दुसरी यत्ता शिकलेली बाई. माझ्या घरात मलाच कळू नये कोण काय बोलतंय? पण ओरडायची सोय नव्हती. ओरडले तर छबूबाईच्या कानावर जायचं, आमच्या मध्ये एकच भिंत.

घोडेगावच्या बाजारातून आणलेली म्हैस होती आमची, दुधाला भरपूर पण खोडीची. तिचं रेडकू गेलं तशी ती कुणाला जवळ येऊ देईना. चांगुणेनं तिला हळूहळू हाताशी आणलं. कासेखाली बसायची आणि गुणगुणायची, "मिल्क, जेंटली. पुल, स्लोली. स्टँड, क्वाएटली." म्हैस डोळे मिटून पान्हा सोडायची. दोन्ही वेळेला ही आरती ऐकून माझे कान किटले होते.

पेपर नगरला होता. आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं चांगुणा तिच्या मावशीकडे मुक्कामाला गेली. तिचा नवरा, माझा लेक गहिनीनाथ, आधीच कुरकुरत होता, "ही शेवटची बारी. फुडं न्हाई जमायचं." मी म्हटलं, "एकदाच लागंल. ह्या बारीला हुतीया ती पास."

संध्याकाळी धारेला बसले. म्हशीनं लाथ घातली, चरवी गोठ्याच्या दारापर्यंत गेली. आंबोण ठेवलं, ते खाल्लं आणि परत लाथ. मग चांगुणेचं जुनं लुगडं नेसले. वासाला फसतात जनावरं. त्या लुगड्यात मी कशी दिसत होते ते सांगत नाही. म्हशीनं मान वळवून मला खालीवर बघितलं आणि थेंब दिला नाही.

सकाळी कास दगडासारखी. हात लावला तरी जनावर कळवळायचं. गहिनीनाथनं वहाणा घातल्या.

"पयल्या गाडीनं जातो अन् तिला घिऊन येतो."

"अन् पेपर?"

"पेपर ऑक्टोबरात बी असतोय. कास सडली तर म्हैस जाईल, आये."

"ऑक्टोबरात तूच बसू देनार न्हाईस तिला. शेवटची बारी म्हनालास न्हवं?"

तो वहाणेचा पट्टा ओढत बसला. खोटं बोलायची अक्कल त्याला पहिल्यापासून नाही.

तेवढ्यात छबूबाई मिश्री लावत दारात उभी. "काय झालं आक्का? मास्तरीण गेली अन् दूध बी गेलं का काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेला पेपरातून उठवून आणलं तर ही जन्मभर हसणार. आणि जे करायचं माझ्या मनात आलं होतं, ते केलं तरी हसणार. हसणारच आहे तर हस बाई, पण माझी सून पेपराला बसू दे.

"गहिन्या, थांब घटकाभर," म्हटलं आणि बसले कासेखाली. "मिल्क! जेंटली!"

म्हशीनं पाय उचलला. छबूबाईनं पदर तोंडात कोंबला.

गहिनीनाथ म्हणाला, "आये, तू तिला हुकूम सोडतीस. ती असं न्हाई म्हनत."

"मग कसं म्हनती?"

"अंगाई म्हनल्यावानी."

माझ्या गळ्यातून अंगाई निघून वीस वर्षं झाली होती. डोळे मिटले. छबूबाई नाहीच असं समजले. कासेवर हात ठेवला आणि चांगुणेच्याच चालीवर म्हटलं, "मिल्क... जेंटली... पुल... स्लोली..." किती वेळ म्हणत होते देव जाणे. आधी कास ढिली पडली, मग म्हशीनं एक लांब श्वास सोडला, आणि चरवीत धार वाजली.

मी न उठता म्हटलं, "गहिन्या, वहाना काढ."

छबूबाईनं ती गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर केली. विहिरीवर पोरीसोरी मला बघून "जेंटली, जेंटली" करायच्या. मीही त्यांच्या आयांचं काय काय बाहेर काढायचं ते काढलं.

दुसऱ्या दिवशी चांगुणा आली ती सरळ गोठ्यात. "आत्याबाई, दूध दिलं का हिनं?"

"दिलं. पेपर कसा गेला ते सांग."

"कामं कशी केली त्येच इचारलं हुतं. सगळं आपल्या घरातलंच लिवलं."

"करपलेली भाकरी बी?"

"ती बी."

जूनमध्ये काठावर का होईना, पास झाली. पुढं मास्तरकीचं ट्रेनिंग करून आता पाथर्डीकडं शाळेवर आहे, सुट्टीत येते. छबूबाईला मी स्वतः पेढा नेऊन दिला आणि समोर उभी राहून खायला लावला.

म्हैस मात्र माझ्या गळ्यात पडली. घोडेगावच्या बाजाराची, आमच्या गोठ्यात पोसलेली, आणि मराठीत धार देत नाही. रोज दोन वेळा तिच्यापुढं बसून इंग्रजी गावं लागतं. त्यात जरा आवाज चढला की लाथ.