अडतीस दिवाणखाने आणि एक होडी

मी सोफा बोलतोय. हसू नका. नाटकात सोफे बोलत नाहीत, नट बोलतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आमच्या हौशी मंडळाचे नट कसे बोलतात हे माझ्याइतकं जवळून कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा आज जरा माझं ऐका.

माझा जन्म खोक्यातून झाला. आमचे प्रमुख नट पेशाने दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात नवी खुर्ची आली, तिचं लाकडी खोकं नेपथ्य करणाऱ्या सुतारमामांनी फोडलं आणि त्यातून मला घडवलं. गादीला दवाखान्याच्या बाकावरचा जुना फोम वापरला. त्यावर वर्षानुवर्षं घाबरलेली माणसं बसलेली. म्हणूनच की काय, पडदा वर जाताना आजही मला दाराकडे पळावंसं वाटतं.

माप घेताना डॉक्टर म्हणाले, "मामा, पाठ चांगली वीतभर उंच ठेवा."

"अहो, बसणाऱ्याची मान अवघडेल."

"अवघडू दे. मागे बसणाऱ्याची दिसायला नको!"

मागे बसायच्या त्या अक्का. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, आवाज मऊ, उच्चार स्वच्छ. हातात नाटकाची वही आणि छोटी बॅटरी घेऊन त्या माझ्या पाठीमागे जमिनीवर बसायच्या आणि नट अडला की पुढचं वाक्य हळूच सांगायच्या. त्यासाठी मामांनी कापडाखाली, माझ्या पाठीच्या फळीला एक भोकही पाडून ठेवलं होतं.

नट अडला की, असं म्हटलं खरं, पण अडायचे ते एकटे डॉक्टरच. एकदा पाहिलेली दाढ त्यांना वीस वर्षांनी आठवते, पण सकाळी पाठ केलेला संवाद संध्याकाळी आठवत नाही. मग ते गंभीर चेहरा करून माझ्यावर रेलत, भोकापाशी कान नेत आणि ऐकून झालं की हळूच मान उचलत. लोक म्हणत, "काय ते थांबणं! काय ती खोली!" खोली कसली, वीतभर तर अंतर.

एकोणीस वर्षं हे असं चाललं. अडतीस नाटकं झाली आणि अडतीसही दिवाणखान्यात घडली, कारण दिवाणखान्याशिवाय सोफा ठेवायचा कुठे? खून दिवाणखान्यात, घटस्फोट दिवाणखान्यात. एकदा हौसेनं जंगलातलं नाटक घेतलं, तर ते शिकाऱ्याच्या बंगल्यात, तेही दिवाणखान्यातच. माझी खोळ तेवढी बदलायची. मी सावकाराचा झालो, वकिलाचा झालो, एकदा पांढरी चादर टाकून दिवाणखान्यातच आजाऱ्याची खाट झालो. प्रमुख भूमिका कुणाची होती हे मी सांगत नाही. स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती बरी नव्हे.

या व्यवस्थेबद्दल मंडळात कुणी अवाक्षर काढत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्यक्रमपत्रिकेवर पडदा ओढणाऱ्याचं नाव असायचं, खुर्च्या मांडणाऱ्यांचंही असायचं, पण अक्कांचं नसायचं. छापलं असतं तर लोकांनी विचारलं असतं की या नेमकं काय करतात. मला याचा राग यायचा, पण मी पडलो सोफा. मूग गिळून बसणं हाच माझा धर्म.

यंदा डॉक्टरांच्या घरी सून आली. घरं बांधायचं शिकलेली, नाटकाची वेडी. डॉक्टरांनी मोठ्या कौतुकानं येत्या हंगामाचं दिग्दर्शन तिच्याकडे सोपवलं. रविवारी सगळे जमल्यावर सूनबाईंनी यादी वाचली. चार नाटकं. पहिलं होडीत, दुसरं रेल्वेच्या फलाटावर, तिसरं तुरुंगाच्या कोठडीत आणि चौथं रिकाम्या रंगमंचावर.

"आणि बाबा, तो सोफा आधी काढून टाकू या. दर नाटकात तोच तो. लोक कंटाळलेत."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता खरं सांगावं तर सुनेपुढे लाज जाणार.

"हो हो," ते म्हणाले, "काढू या की. जुनाच झालाय."

माझ्यावर हात टेकून म्हणाले हो! अक्कांनी वही पिशवीत घातली. सूनबाईंना वाटत होतं की अक्का तालमीला चहा करायला येतात. त्या गोडपणे म्हणाल्या, "अक्का, तुम्ही येत राहा बरं का." अक्का नुसत्या हसल्या. मला सोफा असल्याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. पाय चार, पण एक उचलून आपटता येत नाही.

माझ्यावर कागद चिकटवला गेला : 'हवा असल्यास न्यावा.' पुढच्या रविवारी एक दुकानदार टेम्पो घेऊन आलाही. मला दोरीनं बांधून दाराशी आणलं आणि आत होडीच्या नाटकाची तालीम सुरू झाली. मामांनी पुठ्ठ्याची होडी केली होती. डॉक्टर वल्हं घेऊन उभे राहिले.

"समुद्र शांत आहे," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. सवयीनं ते मागे रेलले. मागे मी कुठे होतो? होडीसकट ते आडवे झाले.

उठले, कपडे झटकले. "समुद्र शांत आहे." मग बराच वेळ काही नाही. "फारच शांत आहे."

विंगेत बसलेल्या अक्कांना राहवलं नाही. "वादळ येतंय," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"वादळ येतंय!"

"अक्का, जरा मोठ्यानं सांगा ना, लांब पडतंय."

सूनबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, अक्कांकडे पाहिलं, दारातून माझ्या उंच पाठीकडे पाहिलं. पुढे येऊन त्यांनी माझी पाठ चाचपली, तर बोट कापडाखालच्या भोकात गेलं.

"बाबा, तुम्हाला संवाद पाठ होत नाहीत?"

"होतात गं. फक्त अक्कांनी सांगितले की आठवतात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले, शेवटी डॉक्टरही. हसता हसता त्यांचे डोळे ओले झाले. ते म्हणाले, "टाळ्या मी घेतल्या. या बाईनं एकोणीस वर्षं जमिनीवर बसून काढली आणि मी साधं नावसुद्धा छापू दिलं नाही. चुकलं माझं, अक्का."

"नावाचं जाऊ द्या हो," अक्का म्हणाल्या. "मागे बसून नाटक ऐकू येतं, दिसत नाही. अडतीस नाटकांत तुम्ही कसे दिसलात, मला अजून ठाऊक नाही."

सूनबाई तोवर कामाला लागल्या होत्या. "मामा, दोरी सोडा. अक्का, यंदा तुम्ही पुढे बसायचं, सगळ्यांना दिसाल अशा. होडीत नावाड्याची आई, पोथी वाचणारी. फलाटावर पुस्तक घेऊन बसलेली प्रवासी. कोठडीत कैद्यांची नोंदवही सांभाळणारी बाई. वही कायम हातात. आणि एकेक वाक्य तुमचं स्वतःचं."

"आणि चौथ्यात? रंगमंच रिकामा आहे ना?"

"रिकामाच आहे. तुम्ही आणि सोफा सोडून."

"सोफा हवाच," अक्का म्हणाल्या. "जमिनीवर बसून कंबर गेली माझी. आता बसेन तर याच्यावरच." दुकानदार माझ्याऐवजी एक जुनं स्टूल टेम्पोत टाकून गेला.

मामांनी मला पुढे टोक ठोकलं, बाजूला फळ्या मारल्या. या वयात मी होडी झालो. काल तालमीला अक्का पहिल्यांदा माझ्यावर बसल्या, अगदी कडेला, परक्याच्या घरी बसल्यासारख्या. डॉक्टरांची वाक्यं त्यांनी एकामागून एक सांगितली. मग त्यांचं स्वतःचं एकुलतं एक वाक्य आलं आणि अक्का गप्प. अडतीस नाटकं तोंडपाठ असलेली बाई, डोळ्यांवर दिवे, समोर खुर्च्या, आणि तोंडातून शब्द फुटेना. वहीतली ओळही सापडेना.

डॉक्टरांनी वल्हं खाली ठेवलं. ते माझ्यावर रेलले, अक्कांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "किनारा दिसतोय, बाळा."

अक्का मान वर करून म्हणाल्या, "किनारा दिसतोय, बाळा."

पुढच्या शनिवारी हंगाम सुरू होतोय. पत्रिकेवर पहिलं नाव अक्कांचं आहे. जरूर या. डॉक्टर रेलले तर समजून घ्या. टोकदार नाकाची होडी दिसली तर तिला मनातल्या मनात नमस्कार करा, मला पोचेल. पण टाळ्या वाजवाल तेव्हा अक्कांकडे बघून वाजवा, आणि जरा मोठ्यानं वाजवा. इतकी वर्षं त्यांनी त्या माझ्या पाठीआडून ऐकल्या आहेत.