पात्याची जाडी

“मेघा, लेकीच्या धनुष्याचं पातं रुंद ठेव, जाड नको. रुंदी दुप्पट केली तर ताण दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट,” असं कारागीर कडुबामामांनी बजावलं होतं.

“मामा, बीएस्सी झालेय मी,” मी हसले.

पातं तुटून माझ्या रूपाच्या डोळ्याला लागेल, या धास्तीनं ते जाडच ठेवलं. तरी धीर होईना, म्हणून आधी शेजारच्या सोनियाला ओढायला दिलं. दहा वर्षांची पोर ती.

“लई जड आहे, काकू.”

“ओढ गं.”

तिचा खांदा निखळला.

आता ती पाचोडला आजीकडं असते. मला तोंड दाखवायची लाज वाटते. तुम्ही तिथल्या बाजाराला गेलात, तर तिचा हात वर जातो का, तेवढं बघून याल?