थकव्याचा रकाना

पिठाच्या कारखान्यात तिला सगळे फुंकाबाई म्हणत. सहा वर्षं ती श्वास मोजायचं यंत्र घेऊन तिथे येत होती आणि "फुंका, फुंका, अजून थोडं फुंका" असं ओरडून घसा बसवून घेत होती, तेव्हा असलं नाव चिकटायचंच. पिठाच्या धुळीने किती जणांना दमा होतो, हा तिचा अभ्यास. ऐकायला विषय बरा वाटतो. करायला घेतला की तक्ते, दुरुस्त्या आणि पुन्हा तक्ते. चाळिशीतच ती इतकी थकली होती की सुट्टीच्या दिवशीची झोपसुद्धा तिला कामासारखी वाटायची.

पण एकदाचं घोडं गंगेत न्हालं होतं. अहवाल शुक्रवारी जायचा होता. निष्कर्ष तर असा, की एरवी दारातून नुसते डोकावणारे मोठे डॉक्टर आत येऊन शाबासकी देऊन गेले. शंभर पुरुषांमागे तिसांना दमा, आणि बायकांत जेमतेम चौघींना. त्याच छपराखाली, त्याच पिठात! बायकांच्या फुप्फुसांना निसर्गाचं काहीतरी संरक्षण असणार, असा तर्कही तिने ठोकून दिला होता.

गुरुवारी ती कारखान्यात निरोप घ्यायला गेली. इतकी वर्षं कामगारांचे अर्ज भरून घेणारे कारकूनकाका सोबत होते. जिन्यात गोणीवाली मावशी भेटली. वीस वर्षं ती पिठाच्या गोण्यांची तोंडं शिवत होती. आता सहाव्या पायरीवर कठडा धरून उभी होती आणि एकेक वाक्य दोन हप्त्यांत बोलत होती.

"मावशी, दम लागतोय का?"

"छे! दम कशाला... लागेल? दमते आपली."

"दमता म्हणजे नक्की काय होतं?"

"काय व्हायचंय? छातीत शिट्ट्या वाजतात. श्वास पुरत नाही. पहाटे उठून बसावं लागतं."

"अहो, मग यालाच दम लागणं म्हणतात!"

"तुम्ही म्हणत असाल, आम्ही नाही म्हणत." मावशीने आवाज खाली आणला. "दम लागतो म्हटलं की बाई दमेकरी झाली. दमेकरी बाईला मुकादम ठेवेल का कामावर? आम्ही सगळ्या दमतेच म्हणतो."

फुंकाबाईने काकांकडे पाहिलं. काका चष्मा पुसू लागले. अर्जात दोन रकाने होते: दम लागणे आणि थकवा. पहिल्यात खूण असेल त्यालाच यंत्रात फुंकायला बोलवायचं, दुसऱ्याला घरी पाठवायचं. "बायका 'दमते' म्हणतात, ते कुठे टाकू?" असं काकांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. "थकव्यात टाका," ती मानही वर न करता म्हणाली होती. काकांनी सहा वर्षं सुवाच्य अक्षरात तेच केलं. त्यांची काय चूक? तिचीच आई आयुष्यभर दमते म्हणत आली होती, तरी तिला एकदाही शंका आली नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने मोठ्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"शब्दाचा कीस पाडू नका," ते म्हणाले. "दमते म्हणजे दमते. उद्या अहवाल आला नाही तर हा अभ्यास बंद होईल, आणि तुमची जागाही जाईल. मग माझ्याकडे येऊ नका."

माणूस वाईट नव्हता, तोही थकलेला होता. तिने फोन ठेवला आणि ती पायरीवरच बसली. तीनशे चाळीस बायका. पुन्हा तेच प्रश्न, तेच यंत्र, तोच बसका घसा, आणि तेही नोकरी राहिली तर. 'जाऊ दे' म्हणायला काय लागतं? अगदी ओठांवर आलं होतं तिच्या.

"एकीची तरी तपासणी करून बघू या," काका हळूच म्हणाले.

खालच्या खोलीत मावशीने तीनदा फुंकलं. तिन्ही वेळा आकडा तोच आला. फुंकाबाईने तो कागदावर लिहून तिच्या हातात दिला.

"कमी आला का?"

"यायला हवा त्याच्या निम्मा. तुमच्या श्वासनळ्या आवळल्यात, मावशी. आजार आहे हा. पण याला औषध आहे."

मावशीने कागद उजेडात धरला. "घरी सगळे म्हणतात, आई आळशी आहे. जिन्यात थांबते, दोन कपडे धुतले की बसते. पोरंही म्हणतात. मग मलाही तसंच वाटायला लागलं." तिने आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे मी आळशी नव्हते?"

"नव्हता, मावशी." फुंकाबाई काकांकडे वळून म्हणाली, "सरांना कळवा. अहवाल उद्या जाणार नाही."

मावशी तोवर दारात पोचली होती. चौकट धरून तिने श्वास गोळा केला आणि शिवणखात्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं, दमणाऱ्या सगळ्या... इकडे या गं!"

आतली शिवणयंत्रं एकामागून एक थांबली.